पत्रीची जुडी नको, पान ओळखून वाहा

पत्रीची जुडी सोडून वर्तमानपत्रावर पसरा आणि एकेक पान वेगळं करून पाहा. हरतालिकेच्या संध्याकाळी बाजारात सुतळीनं बांधून मिळणाऱ्या जुडीतून बहुतेक वेळा पाच-सहा जातींपलीकडे काही निघत नाही. कण्हेर असते, रुई असते, आघाड्याचे दोन-चार तुरे असतात, नशीब असेल तर बेलाची एखादी डहाळी. शोभेच्या उंच अशोकाची लांबट, नागमोडी कडांची पानं भरपूर असतात आणि जुडी जाड दिसावी म्हणून रस्त्याकडेचं कुठलंतरी गवत. दुसऱ्या दिवशी गणपतीच्या पत्रीपूजेत, म्हणजे त्याच्या एकवीस नावांना एकवीस झाडांची पानं वाहताना, ‘सुमुखाय नमः, मालतीपत्रं समर्पयामि’ म्हटलं जातं आणि हात जुडीत जाऊन लागेल ते पान उचलतो. ‘गणाधिपाय नमः’ला भृंगराज म्हणजे माका हवा असतो, तिथे कण्हेर जाते. पुढे ‘विकटाय नमः’ला खरोखरच कण्हेर हवी असते, तोवर ती संपलेली असते.

यात श्रद्धेची कमतरता नाही. घरातल्या माणसांनी गर्दीत उभं राहून, पैसे मोजून ती जुडी आणलेली असते. पण पत्रीपूजेचा सगळा अर्थ ज्या एका गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे झाडाची ओळख, नेमकी तीच या जुडीनं काढून घेतली आहे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: अनोळखी पानांची जुडी घेणं आपण थांबवलं पाहिजे. पाचच झाडं ओळखता येत असतील तर पाच पानं वाहावीत आणि उरलेल्या सोळा नावांना अक्षता वाहाव्यात. ‘पुष्पाभावे अक्षतान् समर्पयामि’ ही सोय पूजाविधीतच आहे, ती कुणी आज शोधून काढलेली पळवाट नव्हे.

ओळखीवर एवढा जोर का, हे कळायला आघाडा हातात घ्यावा. वीतभर लांब तुरा असतो. वरची फुलं ताठ उभी असतात, पण फुल फळात बदललं की ते खाली वळतं आणि देठाला चिकटून उलटं लटकतं. तुऱ्यावरून खालून वर बोट फिरवलं की ती टोकदार फळं बोटाला टोचतात आणि निघून येतात, कपड्याला चिकटतात, झटकली तरी जात नाहीत. अथर्ववेदात आघाड्याला, म्हणजे अपामार्गाला, उद्देशून सूक्तं आहेत आणि त्यात त्याला ‘प्रतीचीनफल’, उलट्या फळांचा, म्हटलं आहे. कुणी केलेली करणी, लागलेला शाप ज्याचा त्याच्याकडे परत फिरव, अशी ती मागणी आहे. अपामार्ग या नावातच ‘पुसून टाकणारा’ हा अर्थ आहे. फळ उलटं वळतं, म्हणून ही वनस्पती वाईटाला उलटं वळवते. ऋषिपंचमीला आघाड्याच्या काडीनं दात घासणं, श्रावणात जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ घालणं, नवग्रहांच्या समिधांत बुधासाठी आघाडा असणं, या सगळ्यांच्या मागे कुणीतरी त्या तुऱ्याकडे फार बारकाईनं पाहिलेलं आहे. मंत्रतंत्र मानणारे माना, न मानणारे मानू नका, पण हा अर्थ त्या तुऱ्याशिवाय उभाच राहत नाही. जुडीतल्या आघाड्याचा तुरा खुडून नुसती पानं बांधलेली असतील तर वाहणाऱ्याला यातलं काय दिसणार?

दूर्वांचंही तेच. ‘काण्डात्काण्डात्प्ररोहन्ती’ या मंत्रात दूर्वेचं वर्णन आहे: पेरापेरातून उगवणारी. हे वर्णन वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात जसंच्या तसं शोभेल. दूर्वेची काडी जमिनीवरून सरपटते आणि प्रत्येक पेराला खाली मूळ, वर पातं फुटतं. तोडली, तुडवली, वाळली तरी एका पेरातून पुन्हा सगळी उभी राहते. वंश खुंटू नये, संसार पुन्हा पुन्हा फुटत राहावा, या इच्छेला याहून नेमकं चिन्ह मिळणं कठीण आहे. म्हणून दूर्वा कोवळी, फुलोरा न आलेली, तीन किंवा पाच पात्यांची घ्यायची. जुडीत मात्र कधीकधी दुसरंच रुंद पात्याचं गवत येतं. ओळखायची खूण सोपी आहे. पातं जिथे काडीला मिळतं तिथे आतल्या बाजूनं बारीक केसांची कड असते, आणि तुरा आलाच तर हाताच्या बोटांसारखे तीन ते सात पातळ फाटे एकाच जागेहून फुटतात.

बाजारात खरी ठेच लागते ती शमीपाशी. शमी म्हणजे मराठीत सौंदड. अग्नी पोटात बाळगणारं झाड म्हणून तिची ख्याती. शमीवर उगवलेल्या पिंपळाच्या लाकडाची अरणी घासून यज्ञाचा अग्नी काढत, आणि पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं लपवली तीही शमीवरच. शनीच्या समिधाही शमीच्याच. ही महती मोठी असल्यामुळे गेल्या काही वर्षांत ‘दारात शमी लावा, भरभराट होते’ म्हणून कुंडीतली रोपं जोरात विकली जातात. त्यातली बरीच रोपं शमीची नसतात. फुलं आली की उलगडा होतो: अर्धी गुलाबी आणि अर्धी पिवळी अशी दोनरंगी लोंबती फुलं आली तर ती वेगळीच काटेरी वनस्पती आहे. खऱ्या शमीला फिकट पिवळ्या बारीक फुलांची सरळ कणसं येतात. फुलाची वाट पाहायची नसेल तर काटे बघा. शमीचे काटे आखूड, शंकूसारखे आणि पेरांच्या मधल्या काडीवर विखुरलेले असतात. शमीसारख्याच दिसणाऱ्या वेड्या बाभळीचे काटे पानाच्या बेचक्यातून, बहुधा जोडीनं येतात. शिवाय शमी हे कोरड्या हवेतलं, खूप खोल मुळाचं झाड आहे. आठ इंची कुंडीत, रोज पाणी घालून ते सुखानं वाढत नाही. त्याची पानं गळतात, मग माणसं ‘घरात काहीतरी वाईट आहे’ असा अर्थ काढतात. वाईट काही नसतं. मुळं कुजलेली असतात.

माका ओळखायला तर हाताचं एक बोट पुरतं. कोवळी काडी चिरडायची आणि थोडा वेळ थांबायचं. रस हिरवट काळा पडला तर माका. केसांच्या तेलात घालतात तो हाच, आणि फुलं त्याची बारीक, पांढरी असतात. रोपवाटिकांत जमीन झाकायला देतात ती पिवळ्या फुलांची वेल माका नव्हे. विष्णुक्रांता म्हणजे जमिनीलगत पसरणारी, नखाएवढ्या निळ्या फुलांची वनस्पती. तिच्या जागी गोकर्ण सर्रास वापरतात, कारण जुन्या ग्रंथांतही या नावाची सरमिसळ आहे. डोरली आणि भुईरिंगणी यांतही घोळ होतो: डोरली उभी वाढते, भुईरिंगणी जमिनीला चिकटून पसरते. मालती नेमकी कोणती, यावर जाणकारांचं एकमत नाही. देवदार तर हिमालयातला. महाराष्ट्राच्या रानात तो नाहीच. त्याच्या नावानं जे मिळतं ते बहुधा अशोकाचं नाहीतर सुरूचं पान असतं. तिथे अक्षता वाहणं हेच प्रामाणिक.

आता एका गोष्टीवर थोडं कडक बोलायला हवं. दर गणपतीत मोबाइलवर फिरतं की एकवीस पत्री पाण्यात सोडल्या की पाणी शुद्ध होतं, म्हणून पूर्वजांनी विसर्जनाची प्रथा ठेवली. हे चूक आहे. साचलेल्या पाण्यात हिरवा पाला पडला की तो कुजतो. कुजवणारे जिवाणू पाण्यातला विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात आणि मासे तडफडतात. कण्हेर, धोतरा, रुई ही तर विषारी झाडं, त्यांनी पाणी स्वच्छ कसं होईल? तसंच ‘तुळस रात्रीही प्राणवायू सोडते’ हे. प्रकाश नसताना ती प्राणवायू सोडत नाही, इतर हिरव्या झाडांसारखा श्वासासाठी वापरते. असं काही सांगणाऱ्यांचा हेतू परंपरेची बाजू घेण्याचा असतो हे मला मान्य आहे. पण प्रतीकाला प्रयोगशाळेचा खोटा दाखला लावला की दोन्हींचं नुकसान होतं. ज्या दिवशी मुलगी शाळेत शिकून येते आणि दाखला खोटा आहे हे तिला कळतं, त्या दिवशी ती तुळशीलाही सोडून देते. तुळशीला पाणी घालण्याचा अर्थ वायूच्या हिशेबात कधीच नव्हता. दारात रोज एका जिवाची चौकशी करायची, हा तो अर्थ होता.

आणि सगळेच जुने अर्थ जपण्यासारखे आहेत असंही नाही. पुरुषाच्या तिसऱ्या लग्नाआधी रुईच्या झाडाशी लग्न लावत, म्हणजे अरिष्ट झाडावर जावं. त्यामागे बायको मरण्याची भीती तिच्या नशिबावर ढकलणारी समजूत होती. ती गेली हे उत्तम झालं. चिन्ह जुनं आहे एवढ्यानं ते पवित्र ठरत नाही.

जपण्यासारखं जे आहे ते तोडणीच्या नियमांत सापडतं, आणि नेमके तेच आपण विसरलो आहोत. बेल सोमवारी, चतुर्थी, अष्टमी, नवमी, चतुर्दशी, अमावास्या आणि संक्रांतीला तोडू नये असं परंपरा सांगते. मग श्रावणी सोमवारी बेल वाहायचा कसा? आदल्या दिवशी तोडून ठेवायचा. बेल शिळा होत नाही, वाहिलेला बेलसुद्धा धुऊन पुन्हा वाहता येतो असा नियम आहे. तुळस द्वादशीला आणि रविवारी तोडत नाहीत. गणपतीला तुळस एरवी वर्ज्य, फक्त भाद्रपद चतुर्थीला ती एकवीस पत्रींत चालते. हे नियम कुणी पर्यावरणाचा विचार करून केले असा दावा मी करत नाही. पण त्यांचा परिणाम असा होता की झाडाला आठवड्यातून काही दिवस हात लागत नसे. श्रावणी सोमवारी पहाटे पोत्यांनी ओरबाडून आणलेला बेल महादेवाला वाहणारा भक्त त्याच परंपरेचा नियम मोडत असतो.

विधीची खरी गरज मोजून पाहावी. एका नावाला एक पान. शंभर घरांच्या वसाहतीला प्रत्येक झाडाची शंभर पानं, म्हणजे मध्यम वाढीच्या बेलाच्या एका फांदीवरची. आपट्याच्या बाबतीत तर गरज याहून कमी होती. दसऱ्याला सीमोल्लंघन करून लोक गावाबाहेरच्या झाडापाशी जात, तिथे शमीची किंवा आपट्याची पूजा करत आणि चार पानं घेऊन येत. कौत्साच्या गुरुदक्षिणेसाठी रघुराजाच्या काळात कुबेरानं आपट्यावर सोन्याचा पाऊस पाडला, कौत्सानं चौदा कोटी मोहरा घेतल्या आणि उरलेलं लुटायला सोडलं, ही ती कथा. कौत्सानं गरजेपुरतंच घेतलं, हा त्या कथेचा कणा आहे. आपण ‘लुटणं’ तेवढं उचललं. फांद्याच्या फांद्या तोडून शहरात येतात आणि एकादशीच्या सकाळी झाडूखाली जातात. दरवर्षी तोडलं जाणारं आपट्याचं झाड माणसाच्या उंचीवरच खुजं, झुडूपवजा राहतं, त्याला शेंगा नीट धरत नाहीत, मग नवी रोपंही उगवत नाहीत. आणि जे ‘सोनं’ हातात येतं ते पुष्कळदा आपट्याचं नसतंच. आपट्याचं पान लहान, जाडसर, हिरव्यावर राखी झाक असलेलं आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. तळहातभर मोठं, पातळ, लांबट पान असेल तर तो कांचन. कांचन बागेत लावायला सुंदर आहे, पण ती कथा त्याची नव्हे.

गोव्यातल्या माटोळीचं उदाहरण इथे आठवल्याशिवाय राहत नाही. गणपतीवर लाकडी चौकट टांगून तिला सुपारीचे घोस, आंबाडे, तोरंजन, माळकांगोणी, घागऱ्या अशी रानातली आणि परसातली फळं-फुलं बांधतात. ज्या घरात म्हातारी माणसं मुलांना घेऊन रानात जातात, कुठलं फळ कुठल्या झाडाचं हे सांगत माटोळी भरतात, तिथे ती झाडांची शाळाच असते. तिच्या स्पर्धाही भरतात, त्यामुळे नवी पिढी या नावांकडे वळली हे चांगलं झालं. पण जास्तीत जास्त जाती गोळा करण्याची चढाओढ लागली की दुर्मीळ वेल मुळासकट हातात येते. परीक्षकांनी संख्येला गुण देण्यापेक्षा ‘हे कुठून आणलं, किती ठेवून आणलं’ याला द्यावेत.

काय तोडायला चालतं हे झाडाच्या जीवनचक्रावरून ठरतं. तेरडा पावसाळी, एका हंगामाचा. कोकणात मुळासकट उपटून गौर म्हणून आणतात, तरी माळावर तो पुढच्या वर्षी पुन्हा दाटतो, कारण बी पडलेलं असतं. आघाडा, माका यांचंही तसंच. विष्णुक्रांता मात्र बारीक आहे आणि औषधासाठीही उपटली जाते, तिची सगळी जुडी कधीच घेऊ नये. कळलावीचा कंद उपटला की ते झाड त्या जागेवरून गेलंच, शिवाय तो कंद जहाल विषारी.

विषाचा विषय निघालाच आहे तर तो नीट सांगायला हवा, कारण एकवीस पत्रींत कण्हेर, धोतरा आणि रुई आहेत आणि घरात लहान मुलं असतात. कण्हेरीचं पान, फूल, काडी, सगळंच हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालतं. धोतऱ्यानं तोंड कोरडं पडतं, बाहुल्या विस्फारतात, माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, आणि सुरुवातीला फारसं दुखत नसल्यामुळे लोक दुर्लक्ष करतात. ही तीन पानं वेगळ्या ताटलीत ठेवावीत. रुई तोडल्यावर देठातला चीक गळून सुकू द्यावा आणि हात साबणानं धुवावेत. नैवेद्याच्या पानाजवळ ती येऊ देऊ नयेत. सगळ्यात मोठी चूक पुढे होते: निर्माल्य पुण्य म्हणून गाईला घालतात. कण्हेरीची दहा-वीस पानंसुद्धा गाईच्या जिवावर उठू शकतात.

जुडीविरुद्ध बोललं की एक रास्त प्रश्न येतो: शहापूर, कसारा, कर्जतकडून पहाटेच्या गाडीनं पत्री घेऊन येणाऱ्या आदिवासी बायकांनी काय करायचं? त्यांचा तो हंगाम आहे, त्यातून शाळेची वह्या-पुस्तकं येतात. मी त्यांची विक्री बंद करा म्हणत नाही. उलट, रानाची खरी ओळख त्यांनाच आहे. जुडी कोंबून भरली जाते कारण आपण जाड जुडी स्वस्तात मागतो. सात-आठ जातींच्या वेगवेगळ्या पुड्या, प्रत्येकीत मोजकी पानं आणि नाव सांगून दिलेली, अशी मागणी गिऱ्हाईकानं केली आणि त्याला जुडीइतकेच किंवा जास्त पैसे मोजले, तर त्यांना ओझं कमी वाहावं लागेल आणि रानही कमी ओरबाडलं जाईल. सार्वजनिक मंडळांनी हे पहिल्यांदा करावं. मांडवाच्या रोषणाईवरचा एका दिवसाचा खर्चसुद्धा याला पुरून उरेल. नगरपालिकांनी आपल्या बागांत बेल, अर्जुन, सौंदड, हादगा, आपटा लावून त्यांवर मराठी नावाच्या पाट्या लावाव्यात आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी माळ्याच्या हातून मोजकी पानं द्यावीत. नागरी भागात झाडांना इजा करण्याविरुद्ध १९७५ पासून राज्याचा कायदा आहे, तरी सणाच्या आदल्या रात्री रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या मोडल्या जातातच. रखवालदार नेमण्यापेक्षा सनदशीर वाट मोकळी करणं जास्त उपयोगी पडेल.

वसाहतीच्या आवारात दहा बाय दहा फुटांचा उन्हाचा तुकडा असेल तर बऱ्याच पत्री तिथेच होतात. कडेला बेल आणि हादगा. हादगा बियांपासून येतो आणि भरभर वाढतो. डाळिंब, जाई आणि तुळस कुंडीत चालतात. मरवा चार बोटांच्या काडीपासून पावसाळा संपताना लावावा. मुंबई-कोकणच्या पावसात तो उघड्यावर कुजतो, म्हणून वळचणीला ठेवावा. माक्याला उलट ओल हवी, नळाखालची जागा त्याला मानवते. कण्हेर आणि धोतरा मुलं खेळतात तिथे लावूच नयेत. त्यांच्या नावाला अक्षता.

दूर्वांसाठी एक बाय दोन फुटांचा, चार-पाच इंच खोल ट्रे पुरतो. आषाढाच्या अखेरीस स्वच्छ जागेवरच्या दूर्वांच्या तीन-चार पेरांच्या काड्या आणाव्यात, गटाराकडेच्या नकोत. माती आणि शेणखत दोनास एक घेऊन काडीची दोन पेरं मातीत दाबावीत, एक वर ठेवावं. पाच-सहा तास ऊन हवं. सावलीत पाती लांब, पिवळट आणि लुळी होतात, आणि खाली भोक नसेल तर पेरं काळी पडतात. आठवड्याभरात फुटवे येतात. चतुर्थीच्या तीन आठवडे आधी सगळी कात्रीनं छाटावी, नाहीतर फुलोरा धरते आणि कोवळी मिळत नाही. तोडताना शेंडा खुडायचा, मूळ हलवायचं नाही. एकवीस-एकवीसच्या दोन-तीन जुड्या अशा ट्रेमधून सहज निघतात.

तोडलेली पानं ओल्या सुती कापडात किंवा केळीच्या पानात ठेवावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती तापून काळी पडतात. बेल ओल्या कापडात फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. शमीची पानं मात्र दिवसभरात झडतात, म्हणून चार इंची काडी पाण्यात उभी ठेवावी. विसर्जनानंतर विषारी तीन पानं वेगळी काढून हातभर खोल पुरावीत, बाकीची बारीक तोडून एक भाग पत्रीला दोन भाग वाळला पाला या हिशेबानं थरांनी रचावीत. नुसती ओली पत्री रचली तर ती चिकट होऊन वास मारते. दीड-दोन महिन्यांत खत तयार होतं, ते त्याच बेलाच्या बुंध्याला घालावं.